हायरमकाकाची हॅट आणि एक पडेल सिनेमा

आमच्या सेजवेलमध्ये आजवर एकच सिनेमा आला आणि तोही पडेल निघाला. 'मेल्यावर भेटू' असं त्याचं नाव. तुम्ही पाहिला नसणार. कोणीच पाहिला नाही. सॉल्ट लेक शहरात आठवडाभर कसाबसा चालला, मग काढला, आणि नंतर कुठल्या गोदामात जाऊन पडला देव जाणे. पण आमच्या गावात त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढून बघा. ज्यांचे आईबाप त्या सिनेमात रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते चालत गेलेत, ते लोक तुम्हाला आधी पोटभर जेवायला घालतील आणि मग चांगलं फैलावर घेतील.

मला सांगायचंय ते माझ्या हायरमकाकाबद्दल. पण त्याच्याबद्दल सांगायचं तर सिनेमात शिरावंच लागतं, कारण उभ्या आयुष्यात तो एकदाच चारचौघांच्या नजरेसमोर उभा राहिला आणि तेव्हाही त्यानं घोळ घातला.

हायरम लूडलो हा माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. उंच, किडकिडीत, चालताना जरासा पुढे झुकलेला. त्याची सगळी हयात मेंढ्यांमागे गेली. हिवाळ्यात खाली वाळवंटात, उन्हाळ्यात वर डोंगरात. महिनोन्‌महिने माणसाचं तोंड दिसायचं नाही, त्यामुळे गावात आला की बोलायचं कसं हे आठवायला त्याला थोडा वेळ लागायचा. मेंढीच्या पायावर चुकून पाय पडला तर तिची माफी मागायचा, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. संध्याकाळी पेल्यात पाव कुस्करायचा, वरून गार दूध ओतायचं आणि चमच्यानं खायचं, एवढंच त्याचं जेवण. व्हर्लाकाकूनं कधी मटण भाजून पुढे ठेवलं तर ताट हळूच बाजूला सारायचा.

"का रे? चांगलं शिजलंय," काकू म्हणायची.

"चांगलंच असणार. माझी ओळख होती तिच्याशी."

काकू त्याच्या अगदी उलट. तिला बोलायला आवडायचं, हसायला आवडायचं, आणि सिनेमा तर जीव की प्राण. त्यांना मूलबाळ झालं नाही. तब्येत धड होती तोवर ती काकाला मालवाहू गाडीत घालून जिल्ह्याच्या गावी सिनेमाला न्यायची. तो आत बसल्या बसल्या झोपायचा आणि परतीच्या वाटेवर ती त्याला सगळी गोष्ट सांगायची. पण चाळिशी उलटल्यावर तिच्या हृदयानं दगा दिला. डॉक्टरांनी जिना, घरकाम, प्रवास, सगळं बंद केलं. पुढच्या खोलीत खिडकीशी तिची खाट आली आणि सिनेमे फक्त मासिकांतून उरले.

तिच्या डोक्याशी भिंतीवर त्यांच्या लग्नाचा फोटो होता. फोटोत काकू छान हसतेय. काका मात्र ऐन वेळी आपल्या बुटांकडे बघत होता, त्यामुळे हॅटच्या कडेखाली त्याचा चेहरा पार बुडालाय. हनुवटीचं टोक तेवढं दिसतं. त्यानंतर त्यानं कोणाला फोटो काढू दिला नाही.

"बघ गं नोला," काकू मला म्हणायची, "आल्यागेल्याला वाटतं मी हॅटशीच लग्न लावलंय."

तर अशा घरात बातमी आली की लॉस एंजेलिसची कंपनी सेजवेलमध्ये सिनेमा काढणार. साठ साल नुकतंच उलटलं होतं. आमचा मुख्य रस्ता तेव्हा पन्नास वर्षांपूर्वी होता तसाच होता, कोणी सुधारायच्या भानगडीत पडलं नव्हतं, आणि तेच त्यांना हवं होतं. सिनेमा एका कादंबरीवरून घेतला होता. ती गावात मी एकटीनं वाचली होती आणि खरं सांगायचं तर पुस्तकात जास्त हसू येतं. गोष्ट एका भामट्याची. गावोगाव औषधाच्या बाटल्या विकायच्या, लोकांचा पैसा गोळा करायचा आणि मग मरून पडायचं. लोक त्याला शवपेटीत घालतात, त्याचा जोडीदार खेचरांच्या गाडीवर पेटी घालून गावाबाहेर काढतो, आणि पेटीत भामटा पैशांवर आरामात झोपलेला. पुढचं गाव, पुढचं मरण. त्यातलं सर्वांत विनोदी गाव असं की तिथली माणसं इतकी निगरगट्ट, की डोळ्यांसमोरून प्रेत जातंय तरी कोणी मान वळवून बघत नाही. दारू, पत्ते, भांडणं चालूच. पेटीमागून फक्त एक कुत्रा जातो. ते निगरगट्ट गाव म्हणजे आम्ही.

निम्म्या गावाला काम मिळालं. मला शिवणकाम येतं म्हणून मला कपडेपटात घेतलं. आमच्या प्रार्थनाघराचे प्रमुख बिशप टॉलमन, ज्यांनी जन्मात बिअरचा थेंब चाखला नव्हता, ते दारूच्या गुत्त्याबाहेरचे झिंगलेले गृहस्थ झाले आणि त्यांनी असं काही लडखडून दाखवलं की त्यांच्या बायकोनं घरी गेल्यावर खडसावून चौकशी केली. कंपनीची माणसं सकाळी मोठाल्या पिंपांतून कॉफी काढायची. आमच्या पंथात कॉफी दारूइतकीच वर्ज्य, त्यामुळे तो वास आला की आमची मंडळी एकमेकांची नजर चुकवत लिंबू सरबताचे पेले उचलायची.

काका त्या बाजूला फिरकलाही नसता. तो चाऱ्याच्या दुकानात मिठाचे खडे घ्यायला आला होता, तिथं दिग्दर्शकानं त्याला पाहिलं. मिस्टर गॅरिक, बुटका, तापट, डोक्यावर केस नाहीत आणि घशाला आराम नाही असा माणूस. त्यानं काकाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, जसं आम्ही मेंढीचं बघतो.

"हा चेहरा!" तो ओरडला. "सगळ्या जगाचा कंटाळा आलेला चेहरा! हा मला पुढे हवा, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ. पेटी जाते आणि याच्या तोंडावरची माशीसुद्धा हलत नाही. व्वा!"

काका म्हणाला, "मला मेंढ्यांना मीठ घालायचंय."

मी मध्ये पडले. घरी जाऊन काकूला सांगितलं. ती उशीवरून उठून बसली. हातातलं मासिक बाजूला ठेवलं.

"हायरम," ती म्हणाली, "मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही."

"गेल्या आठवड्यात नवे पडदे मागितलेस."

"पडदे नकोत मला. मला तू पडद्यावर हवास. ही एवढी तोंडं मी पडद्यावर बघितली, परक्यांची. एकदा आपल्या माणसाचं बघू दे. उद्या मी..." ती थांबली. "आणि त्या भिंतीवरच्या हॅटचा मला कंटाळा आलाय."

काकानं पेल्यातला पाव संपवला. चमचा पुसून ठेवला आणि म्हणाला, "बरं."

शूटिंगच्या दिवशी आम्ही त्याला जुना कोट आणि गळ्यात लाल रुमाल दिला. हॅट त्याचीच ठेवली, तिच्यापेक्षा जुनी कपडेपटात नव्हती. चाऱ्याच्या दुकानाच्या खांबाला टेकून तो उभा राहिला, कॅमेरा दोन हातांवर. रस्त्यात भांडणारे, पत्ते खेळणारे, बिशप आपले झिंगलेले. वरच्या कोपऱ्यावरून खेचरांची गाडी वळली, मागं काळी पेटी आणि पेटीत खरोखरचा नट, कारण पुढं गेल्यावर झाकण उचलून त्याला कॅमेऱ्याकडे डोळा मारायचा होता.

गाडी वळली आणि रस्त्यातल्या प्रत्येक पुरुषानं हॅट काढली.

कोणी ठरवून केलं नाही. आमच्याकडे प्रेत निघालं की माणूस जिथं असेल तिथं थांबतो, घोड्यावर असेल तर उतरतो, हॅट काढून छातीशी धरतो आणि पेटी पुढं जाईपर्यंत हलत नाही. मेलेला ओळखीचा असो, परका असो, वैरी असो. बाळपणापासून हात आपोआप वर जातो. पत्ते खाली पडले, भांडणारे शांत झाले, बिशप टॉलमन ताठ उभे राहिले. इतकं शांत झालं की खेचरांच्या साजाची करकर ऐकू आली.

"थांबा! थांबा!" गॅरिक किंचाळला. "हे काय चाललंय? तुम्ही नीच लोक आहात! तुम्हाला काही पडलेली नाही!"

सगळे शरमले. पुन्हा घेतलं. या वेळी निम्म्यांनी काढली. पुन्हा घेतलं. हळूहळू गाव निगरगट्ट व्हायला शिकलं. आता राहिला एकटा हायरमकाका, आणि तो नेमका कॅमेऱ्याच्या नाकासमोर.

गॅरिक त्याच्याजवळ आला. राग गिळून म्हणाला, "मिस्टर लूडलो, अहो, पेटीत कोणी मेलेलं नाही."

"माहीत आहे."

"माणूस जिवंत आहे आत. च्युइंगगम खातोय."

"आज आहे," काका म्हणाला.

मग त्याच्या दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या दिल्या. गाडी आली तसा तो वाकला, बादल्या न सांडता खाली ठेवल्या आणि हॅट काढली. गॅरिकनं माझ्याकडे धाव घेतली. मी हॅटला आतून जाड इलॅस्टिक शिवून ते काकाच्या हनुवटीखालून घेतलं आणि बजावलं, "काका, आता काढायचीच नाही. निघणारच नाही." गाडी आली. काकाचा हात वर गेला. हॅट वीतभर उचलली गेली, इलॅस्टिक ताणलं, आणि फट्‌कन हॅट परत येऊन त्याच्या नाकावर बसली. त्यानं ती पुन्हा उचलली. पुन्हा फट्‌. पेटीतला नट हसून हसून इतका हलला की झाकण सरकून रस्त्यात पडलं. गॅरिकही हसला, पण लगेच डोकं धरून पायरीवर बसला.

"उद्या सकाळी शेवटचं," तो मला म्हणाला. "तुझ्या काकाला घरी ने आणि शिकव. नाहीतर मी त्याला काढून टाकतो, चेहरा गेला खड्ड्यात."

घरी काकूनं सगळं ऐकलं आणि हसून हसून तिला धाप लागली. मग गंभीर झाली. "नोला, इस्त्रीची फळी आण."

त्या संध्याकाळी आम्ही पुढच्या खोलीत प्रेतयात्रा काढली. इस्त्रीच्या फळीवर काळी शाल घातली, एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला शेजारची डोरीन. काका भिंतीशी उभा. काकू खाटेवरून दिग्दर्शन करतेय.

"हात पट्ट्यात खुपस. अंगठे आत. आता माझ्याकडे बघ, फळीकडे नको. चल गं नोला, हळू चाल, प्रेत आहे, पळतेयस काय!"

पहिल्या खेपेला हात वर गेला. दुसऱ्या खेपेला खांद्यापर्यंत येऊन थांबला. मग मात्र जमलं. फळी पुढून गेली, काका तसाच उभा, चेहऱ्यावर सगळ्या जगाचा कंटाळा. काकूनं टाळ्या वाजवल्या. डोरीननं आणलेली हिरवी जेली आम्ही सगळ्यांनी मिळून संपवली.

"जमेल ना उद्या?" काकूनं विचारलं.

"डोक्याला जमतंय," काका म्हणाला. "हाताला काही कळत नाही. पण बघतो."

दुसऱ्या दिवशी तो खांबाशी उभा राहिला, अंगठे पट्ट्यात घट्ट. मी कपडेपटाच्या तंबूच्या तोंडाशी उभी राहून मनातल्या मनात त्याचे हात धरून ठेवत होते. गाडी वळली. काका हलला नाही. गाडी जवळ आली. त्यानं अंगठे पट्ट्यात आणखी खोल खुपसले, मला इतक्या लांबूनही दिसलं. ओठ घट्ट मिटलेले. गाडी आणखी चार हात पुढं गेली असती तर झालं होतं. पण पेटी अगदी समोर आली आणि त्याचा उजवा हात पट्ट्यातून सुटला.

"काय झालं, काका?" मी धावत जाऊन विचारलं.

"फळीवर कोणी नव्हतं गं," तो म्हणाला. "यात माणूस आहे."

गॅरिक आता ओरडलासुद्धा नाही. ऊन सरकत होतं, कुत्रा कंटाळला होता, खेचरं हटून बसायच्या बेतात होती. "त्याला राहू दे तिथंच," तो कॅमेरावाल्याला म्हणाला. "कॅमेरा डावीकडे घे. त्याचं तोंड बाहेर काढ. कुत्रा येतोय तोवर उरकू."

काकानं ते ऐकलं. कॅमेऱ्याचं तोंड आपल्यावरून सरकताना पाहिलं. गाडी परत फिरून आली, कुत्रा प्रथमच शहाण्यासारखा पेटीमागून चालला, नटानं डोळा मारला, आणि गॅरिक म्हणाला, "झालं! घेतलं!" चौकटीच्या बाहेर उभ्या असलेल्या माझ्या काकानं याही खेपेला हॅट काढली होती.

त्यानं कालपासून पडलेल्या बादल्या उचलून विहिरीशी नेऊन ठेवल्या, कोट आणि रुमाल घडी करून मला दिला. घरी काकू खिडकीतून वाट बघत होती.

"काय रे? घेतलं?"

"घेतलं," काका म्हणाला आणि मेंढ्यांकडे निघून गेला. काकूनं मला विचारलं तर मी म्हटलं की मी तंबूत होते, मला काय दिसणार. माणूस कधी खोटं बोलत नाही आणि त्याला निम्मं खरं बोलून गप्प बसावं लागतं, तेव्हा त्याचं काय होतं ते मी पुढचे सगळे महिने पाहिलं. त्याचं दूध-पाव पेल्यात तसंच राहायला लागलं. मला एकटीला गाठून त्यानं दोनदा विचारलं, "नोला, सिनेमा न लागलेलाच बरा, नाही का?" आणि सिनेमा खरोखरच कुठं लागेना. काकूची तब्येत उतरत होती. ती म्हणायची, "मी थांबणार आहे. हायरमला बघितल्याशिवाय मी कुठं जात नाही." हे ऐकून तो उठून गोठ्यात जायचा.

मी त्याला म्हटलं, "काका, सांगून टाक तिला."

"कसं सांगू? ती थांबलीय त्याच्यासाठी."

शेवटी सिनेमा आला. सिनेमा गावात दाखवू असा शब्द कंपनीनं जाताना दिला होता, तो पाळला. डबे आले आणि आमच्या प्रार्थनाघराच्या मागच्या सभागृहात दुपारी खेळ ठेवला. खिडक्यांना घोंगड्या लावल्या, बास्केटबॉलच्या रिंगला बांधून पांढरी चादर ताणली. बायकांनी बटाट्याचे चीज घातलेले मोठाले ट्रे आणले. आम्ही काकूला खुर्चीसकट उचलून पुढच्या रांगेत नेलं. तिनं केस बसवून घेतले होते, ओठांना लाली लावली होती. डावीकडे मी, उजवीकडे काका. काकानं गुडघ्यांवर हॅट धरली होती आणि तिची कडा तो बोटांनी गोल गोल फिरवत होता.

सिनेमा सुरू झाला आणि सभागृहात कोणी गोष्ट ऐकूच दिली नाही. "ती बघ, आपली गाय!" "बिशप, तोल सांभाळा!" बिशपबाई तोंड फिरवून बसल्या. मग आमचा मुख्य रस्ता आला. वरच्या कोपऱ्यावरून गाडी वळली. काकूनं माझा हात धरला. तिचा हात गार होता.

गाडी पुढं पुढं येऊ लागली. भांडणारे भांडत होते, पत्ते चालू होते. काकू चादरीवरचा प्रत्येक चेहरा न्याहाळत होती. मला तिच्याकडे बघवेना. काकानं मान खाली घातली होती, लग्नाच्या फोटोत घातली होती तशीच. पेटी समोर आली, मागून कुत्रा. आणि चौकटीच्या अगदी उजव्या काठावर, खांबाशेजारी, एक लांब हात वरून खाली आला, त्या हातात एक जुनी हॅट, आणि ती हॅट एका कोटाच्या छातीवर टेकली. वर चेहरा नव्हता. क्षणभरच. नटानं डोळा मारला आणि लोक हसले.

"हायरम!" काकू केवढ्यांदा ओरडली. "तो बघा माझा हायरम!"

लोकांना आधी कळेना कुठं. मग कळलं तसा टाळ्यांचा कडकडाट झाला. काकानं मान वर केली नाही.

परत येताना मालवाहू गाडीत आम्ही तिघं एकाच सीटवर, काकू मध्ये. काका गाडी चालवत होता. बरंच अंतर गेल्यावर तो म्हणाला, "व्हर्ला, तोंड आलं नाही. मला माहीत होतं. मला तेवढं एक करायचं होतं तुझ्यासाठी आणि ते जमलं नाही."

"गाडी थांबव," काकू म्हणाली.

त्यानं घाबरून कडेला घेतली. त्याला वाटलं तिला त्रास होतोय.

"तुझं तोंड मी रोज सकाळी बघते, हायरम," ती म्हणाली. "ते काही नवीन नाही. आता ऐक. माझे बाबा गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आमच्या कुरणावरून दफनभूमीपर्यंत गाडीतून पेटी नेत होतो. सोबत आई आणि आम्ही भावंडं. बाबांचं कोणाशी पटत नसे, त्यामुळे गावातलं कोणी आलं नव्हतं. मला त्याची फार लाज वाटत होती. आणि त्या उजाड माळावर लांब एक मेंढपाळ होता. त्यानं आम्हाला बघितलं, घोड्यावरून उतरला आणि हॅट काढून उभा राहिला. वारा असा सुटला होता की त्याचा कोट फडफडत होता. आमची गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो तिथून हलला नाही. मी मागं वळून वळून बघत होते. चेहरा नाही दिसला, फार लांब होता. हॅट धरलेला हात तेवढा दिसला. पुढं दोन वर्षांनी नाचाच्या दिवशी सभागृहाच्या दारात एक लंबूटांग मुलगा उभा होता, हॅट तशीच छातीशी धरून. मी माझ्या बहिणीला म्हटलं, मी याच्याशी लग्न करणार."

काका तिच्याकडे बघत राहिला. "तू कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस मी तुझ्यात काय बघितलं. सगळं गाव विचारत होतं." ती हसली. मग तिनं स्टिअरिंगवरचा त्याचा उजवा हात उचलला, दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "आज परत बघितलं. तोंड आलं असतं तर मी ओळखलंही नसतं बघ, तू काय नट आहेस होय!"

मी खिडकीबाहेर बघत होते, कारण रडायला मला दुसरी जागा नव्हती. काकानं त्या संध्याकाळी दूध-पावाचे दोन पेले खाल्ले.

काकू पुढच्या वसंतात गेली. झोपेतच गेली, कोणाला त्रास न देता. प्रार्थनाघरात बिशप टॉलमन बोलले, आम्ही गाणी म्हटली, बायकांनी पुन्हा तेच बटाट्याचे ट्रे आणले. काका पहिल्या रांगेत होता. पेटी उचलून काळ्या गाडीत ठेवली तेव्हाही होता. मग आम्ही पाठच्या गाड्यांत बसायला लागलो आणि पाहिलं तर त्याची जागा रिकामी.

"माणूस गेला कुठं?" मी चिडले. काळ्या गाडीमागच्या पहिल्याच गाडीत मी, माझ्या शेजारी त्याची जागा, आणि बायकोच्या प्रेतामागं नवरा नाही. लोक काय म्हणतील, हेच माझ्या डोक्यात.

"तो मला म्हणाला, तुम्ही निघा," बिशप कानकोंडे होऊन म्हणाले. "म्हणाला, मी वाटेत भेटतो."

आम्ही निघालो. गाड्या हळूहळू मुख्य रस्त्यावर वळल्या. दोन्ही बाजूंना माणसं थांबली होती, हॅटा छातीशी, कोणाला सांगावं लागलं नव्हतं. आणि चाऱ्याच्या दुकानासमोर, त्याच खांबाशेजारी, माझा काका उभा होता. एकटाच, फुटपाथच्या काठावर, डोक्यावर हॅट. पुढची काळी गाडी त्याच्या समोर आली तसा त्याचा उजवा हात वर गेला. त्यानं हॅट काढली, खाली आणली, छातीशी धरली आणि मान झुकवली. गाडीवाल्यानं वेग आणखी कमी केला. पेटी पूर्ण पुढं जाईपर्यंत काका हलला नाही.

मी आमची गाडी थांबवायला लावली आणि दार उघडलं. तो आत येऊन माझ्या शेजारी बसला. हॅट गुडघ्यांवर ठेवली. थोडा वेळ पुढच्या गाडीकडे बघत राहिला, मग हळू आवाजात त्यानं मला विचारलं, "नोला, तिला तिकडून नीट दिसलो असेन ना गं मी?"

"दिसलास, काका," मी म्हटलं.